आधी पाणी, मग मासा

ज्या गावाची नदी किंवा तलाव जलपर्णीने ग्रासला आहे, त्या गावातील शेतकऱ्यास तिची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. पाण्यावर पसरलेला हिरवा थर, अडलेला प्रवाह, डासांचा उपद्रव आणि तिच्यात अडकून फाटणारी जाळी हा त्याच्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. परंतु ही वनस्पती मूळची येथील नव्हे, ती दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात आली ती केवळ जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कुंडात होती तोवर ती शोभा होती. कुंडाबाहेर पडली तेव्हा ती आपत्ती झाली.

त्याच अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मासे आज काचेच्या पेट्यांतून तालुक्याच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचले आहेत. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे टेट्रा, त्रिकोणी पंखांचे एंजल, ताटलीसारखे वाटोळे डिस्कस आणि दांडगे ऑस्कर हे दुकानांतून, दवाखान्यांतून व शाळांतून दिसू लागले आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या परसातील संगोपनासही स्थान देण्यात आले. त्यामुळे या माशांविषयी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास प्रश्न विचारले जाणार, हे उघड आहे. कोणता मासा घ्यावा, असा प्रश्न बहुधा प्रथम येतो. वास्तविक तो दुसरा प्रश्न होय. घरचे पाणी कसे आहे आणि माशाचे मूळ पाणी कसे होते, हा पहिला प्रश्न आहे. जमिनीचा कस न पाहता बियाणे आणणाऱ्याची जी गत होते, तीच पाणी न पाहता मासा आणणाऱ्याची होते.

परदेशी माशांचा विचार शेतकऱ्याने का करावा, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर देणे कठीण नाही. बटाटा, भुईमूग, मिरची, पेरू ही सर्व अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत, आणि कोकण व गोव्याचा काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. परकीय वस्तू परकीय आहे म्हणून त्याज्य ठरत नाही. ती जाणून घेतल्यावाचून स्वीकारणे मात्र धोक्याचे असते. शिवाय हे मासे वाटतात तितके अनोळखीही नाहीत. एंजल, डिस्कस व ऑस्कर हे सर्व सिच्लिड कुळातील होत. उजनीच्या जाळ्यात येणारा चिलापी हा याच कुळाचा आफ्रिकेतील आप्त, आणि गोव्याच्या खाडीतील काळुंदर हा याच कुळाचा भारतीय आप्त आहे. तळ्यात वाढविला जाणारा रूपचंद हा तर टेट्रांचाच दूरचा भाऊबंद.

या माशांचे मूळ पाणी समजून घेण्यासाठी ब्राझीलमधील रिओ नेग्रो ही नदी पाहावी. नेग्रो म्हणजे काळी. तिचे पाणी ओंजळीत घेतले तर कोऱ्या चहासारखे दिसते, आणि खोल पात्रात ते काळे भासते. हा रंग चिखलाचा नव्हे. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातील द्रव्ये पाण्यात उतरल्याने तो येतो. ज्या वालुकामय जमिनीतून ही नदी वाहते तीत क्षार नाममात्र आहेत. त्यामुळे पाण्याचा सामू साधारणपणे ४ ते ५ इतका खाली राहतो, आणि विद्युत वाहकता ०.०१ डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास असते. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींत हाच आकडा पुष्कळ ठिकाणी ०.५ च्या पुढे जातो. म्हणजे दोन पाण्यांतील क्षारांत पन्नासपट किंवा त्याहून अधिक अंतर आहे. मनाऊस शहराजवळ ही काळी नदी अँडीज पर्वताचा गाळ वाहून आणणाऱ्या सोलिमोइस नदीस मिळते, तेव्हा दोन्ही प्रवाह सुमारे सहा किलोमीटरपर्यंत एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. एकाच खोऱ्यात पाण्यापाण्यांत एवढा भेद असतो, मग दोन खंडांतील पाण्याविषयी काय सांगावे?

या नदीस दरवर्षी पूर येतो आणि मनाऊसजवळ तिची पातळी सरासरी दहा मीटरच्या आसपास चढते. आजूबाजूचे अरण्य महिनोन् महिने पाण्याखाली जाते. त्या बुडालेल्या अरण्यास तेथे इगापो म्हणतात. झाडांच्या मुळांत, पडलेल्या फांद्यांत आणि पानांच्या थरात लहान मासे आसरा घेतात, खातात व पिले वाढवितात. अंधुक उजेडातील या पाण्यात टेट्राचा निळा पट्टा चमकून थव्यातील मासे एकमेकांस दिसतात, असे मानले जाते. जे रंग दुकानातील झगझगीत दिव्याखाली फिके पडतात, ते या काळसर पाण्यासाठीच घडलेले आहेत.

निसर्गसदृश मत्स्यपेटी म्हणजे या परिसराची लहानशी प्रतिकृती होय. तीत प्लास्टिकची झाडे, रंगीत खडे व बुडबुडे सोडणारी खेळणी यांस स्थान नाही. ती उभारण्यास फार खर्चही लागत नाही. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी घेतल्यास वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता तीत सुमारे सव्वाशे लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन दीड क्विंटलहून अधिक होत असल्याने खालचे मेज भक्कम व समतल असले पाहिजे. पेटी थेट उन्हात ठेवू नये. तळाशी दोन इंच स्वच्छ धुतलेली बारीक वाळू घालावी. वाळूवर थोडा लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आल्यास तीत चुना आहे असे समजून ती वापरू नये. शिंपले, संगमरवराचे तुकडे व चुनखडीचे खडे याच कारणास्तव वर्ज्य करावेत. पूर्ण वाळलेल्या, चीक नसलेल्या कठीण लाकडाच्या फांद्या व मुळे दोन आठवडे पाण्यात भिजवून मग मांडाव्यात. तळाशी देशी बदामाची गळून वाळलेली पाने पसरावीत. शाळेच्या आवारात अनेकदा आढळणारा हा वृक्ष जगभरच्या मत्स्यपालकांच्या उपयोगाचा आहे. पाने मात्र औषध फवारलेल्या बागेतील किंवा रहदारीच्या रस्त्याकडेची नसावीत. ती दोन-चार आठवड्यांत विरघळू लागली की नवी घालावीत.

पेटी सजली म्हणजे ती तयार झाली, असा समज सर्वत्र आढळतो. बहुतेक मासे या समजापायीच मरतात. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो आणि तो माशांस विषारी असतो. वाळूत, लाकडावर व गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी. शेतकऱ्यास ही क्रिया नवी वाटू नये. शेतात टाकलेल्या युरियातून तयार झालेल्या अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम जमिनीत याच प्रकारचे जीवाणू करीत असतात. पेटीत त्यांची वस्ती स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी चालू ठेवून चिमूटभर खाद्य टाकीत राहावे, आणि तपासणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच प्रथम पाच-सहा मासे सोडावेत. त्यानंतर दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून क्लोरिन उडून जाऊ द्यावा.

पाण्याच्या कठीणपणाची अडचण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात येते. कूपनलिकेच्या पाण्यात बायकार्बोनेट विपुल असेल तर कितीही पाने टाकली तरी सामू खाली येत नाही; चुनखडीयुक्त जमिनीत सेंद्रिय खत टाकल्याने तिचा सामू लगेच उतरत नाही, तसाच हा प्रकार आहे. मृदपरीक्षण प्रयोगशाळांत ओलिताच्या पाण्याचा सामू, वाहकता व बायकार्बोनेट तपासले जातात. मत्स्यपालनाचा विचार करणाऱ्याने पाण्याचा नमुना तेथे द्यावा. मासे घेण्यापूर्वीचा हा खर्च सर्वांत फलदायी ठरतो. पाणी कठीण निघाल्यास पहिल्या काही सरी सोडून देऊन स्वच्छ छपरावरील पावसाचे पाणी साठवावे आणि ते विहिरीच्या पाण्यात मिसळावे. बदल हळूहळू करावा. एका दिवसात पाणी पालटणे हे माशास आजाराइतकेच घातक आहे. कोकणातील जांभ्याच्या प्रदेशात विहिरींचे पाणी पुष्कळदा मुळातच मृदू असते. तेथे हे काम सोपे होते.

पाणी समजल्यावर माशाची निवड आपोआप सुचते. मध्यम कठीण पाण्यात येथेच पिढ्यान् पिढ्या वाढविलेले एंजल मासे चांगले राहतात. मृदू पाणी उपलब्ध असेल तर कार्डिनल टेट्रांचा विचार करावा. टेट्रा हा थव्याने राहणारा मासा आहे. तो दहाहून कमी संख्येने ठेवू नये. वर सांगितलेल्या पेटीत बारा ते पंधरा टेट्रा आणि लहान सिच्लिडांची एक जोडी पुरेशी आहे. मोठा एंजल लहान टेट्रास गिळतो, म्हणून त्यांस एकत्र ठेवण्याचा मोह आवरावा. ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो. तो या पेटीचा मासाच नव्हे. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सियस राहावे, यासाठी हिवाळ्यात तापकाची सोय करावी आणि उन्हाळ्यात पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत असावी. मासे थोडेच ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. वीजपुरवठा खंडित झाला की गाळणी थांबते, आणि गर्दीच्या पेटीतील मासे काही तासांत गुदमरतात.

या पद्धतीविरुद्ध दुकानदारांचा एक आक्षेप नेहमीचा आहे. चहाच्या रंगाचे पाणी व कुजकी पाने गिऱ्हाइकास घाण वाटतात, त्यास पांढरी वाळू व लखलखीत पेटी हवी असते, असे ते म्हणतात. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु लखलखीत पेटीतील मासे भेदरून कोपऱ्यात दबतात, त्यांचा रंग उडतो, आणि महिन्याभरात ते मेले की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. याउलट पानांच्या सावलीत स्थिरावलेल्या सिच्लिडाची मादी लाकडाच्या फटीत अंडी घालून त्यांवर पहारा देताना दिसते. डिस्कसची पिले आईबापांच्या अंगावरील स्रावावर पोसली जातात, हेही अशा शांत पेटीतच पाहावयास मिळते. जे मूल एकदा हे दृश्य पाहील, त्यास पाणी म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागणार नाही. गावच्या शाळेत अशी एक पेटी असणे हे दहा तक्त्यांहून अधिक मोलाचे आहे.

परसात मासे वाढवून विकू इच्छिणाऱ्या तरुणास तर पाण्याचे ज्ञान भांडवलाइतकेच आवश्यक आहे. एंजल सपाट पानावर किंवा पाटीच्या तुकड्यावर अंडी घालतो व त्यांची राखणही करतो. नवशिक्याने प्रारंभ त्यापासून करावा. टेट्रांची गोष्ट वेगळी आहे. निऑन व कार्डिनल यांची अंडी कठीण पाण्यात नीट फळत नाहीत आणि ती उजेडही सोसत नाहीत. हे न जाणता कर्ज काढून टाक्या बांधणाऱ्याच्या टाक्या रिकाम्या राहतात. योजनेचा अर्ज भरून देण्यापूर्वी पाण्याचा अहवाल पाहणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य मानले जावयास हवे. परदेशातून मासे आणण्यास शासनाची परवानगी व विलगीकरण आवश्यक असते, हेही त्याने स्पष्ट सांगावे.

पाणी व उपजीविका यांचा संबंध रिओ नेग्रोच्या काठी असलेल्या बार्सेलोस या गावाइतका स्पष्ट क्वचितच दिसेल. १९५६ साली शास्त्रज्ञांनी कार्डिनल टेट्राचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे तो जगभरच्या पेट्यांत गेला. बार्सेलोसच्या परिसरातील पियाबेइरो म्हणून ओळखले जाणारे मच्छीमार होडीने बुडालेल्या अरण्यात शिरून हातजाळ्यांनी व सापळ्यांनी हे लहान मासे धरतात. निसर्गात या माशाचे आयुष्य बहुधा वर्षभराचे असते आणि पाणी ओसरताना असंख्य मासे तसेही मरतात. म्हणून बेताने धरल्यास त्यांची संख्या घटत नाही. मासा अरण्यावर जगतो आणि गाव माशावर जगते. त्यामुळे अरण्य राखण्यात गावाचे हित आहे. याच विचाराने १९८९ साली तेथे पियाबा नावाचा प्रकल्प सुरू झाला. मात्र पुढे अन्य देशांतील संवर्धन केंद्रांत वाढविलेले मासे स्वस्त मिळू लागले आणि बार्सेलोसची निर्यात घटली. परसातील संगोपनाचा पुरस्कार करताना या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. जेथे उगमाचे पाणी राखणाऱ्यास काहीच मिळेनासे होते, तेथे ते पाणी राखण्याचे कारणही दुबळे होते.

हा हिशेब प्रत्येक माशास सारखा लागू पडतो असेही नाही. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील ओढ्यांत राहणारा डेनिसन बार्ब हा सुंदर भारतीय मासा पेट्यांसाठी अनिर्बंध धरला गेला व आज तो संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. त्याचे ओढे लहान आहेत. रिओ नेग्रोचा विस्तार त्यांस नाही. अशा माशाचे संवर्धन टाकीतच होणे इष्ट आहे. कोणता मासा नदीतून घ्यावा आणि कोणता टाकीत वाढवावा, याचे उत्तरही अखेर त्याच्या पाण्याकडे पाहूनच द्यावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पेटीचा कंटाळा आला, मासा फार वाढला किंवा घर बदलले, की दयाबुद्धीने तो विहिरीत, ओढ्यात वा तलावात सोडण्याची प्रथा वाढत आहे. ही दया नव्हे. मृदू पाण्यातला टेट्रा तेथे तडफडून मरतो; आणि जो मरत नाही, तो गावाच्या माशांवर संकट आणतो. १९५२ साली मोझांबिक चिलापी भारतात आणला गेला, आणि १९५९ सालीच त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याची वेळ आली. तोवर तो पाण्यात पसरला होता. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा हे ताजे उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतील हा चिलखती मासा बोटाएवढा असताना विकत घेतला जातो आणि दीड फुटापर्यंत वाढतो. पेट्यांतून व संवर्धन केंद्रांतून सुटलेला हा मासा आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भेऱ्यांत, इतर अनेक राज्यांच्या जलाशयांत आणि उजनीतही आढळला आहे. तो काठांत बिळे करतो, त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात, आणि बाजारात त्यास भाव नाही. ज्याने तो प्रथम सोडला त्यास आपण काय केले हे कधी कळलेही नसेल. नुकसान मात्र दर पहाटे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारास सोसावे लागते.

यास्तव काही नियम घरोघरी पोहोचविले पाहिजेत. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या पालकास द्यावा. मेलेला मासा झाडाच्या बुंध्याशी पुरावा. पेटीतील तरंगत्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकाव्यात. बदललेले पाणी गटारात वा ओढ्यात न सोडता परसबागेतील वाफ्यांत ओतावे. त्यातील नायट्रेट भाजीपाल्यास खतासारखे उपयोगी पडते, आणि पेटीतील अंडी, गोगलगाई व रोगजंतू गावाच्या पाण्यात जात नाहीत. ग्रामसभेत तलावाचा विषय निघेल तेव्हा कार्यकर्त्याने यांचा आवर्जून उल्लेख करावा.

जलपर्णी ज्याने प्रथम आणली त्यास फुलाची हौस होती. त्यात गैर काहीच नव्हते. तिचे पाणी कोणते आणि येथील पाण्यात ती काय करील, हे विचारावयाचे राहून गेले. त्याची किंमत आज प्रत्येक जलपर्णीग्रस्त तलावाकाठचे गाव भरीत आहे. अ‍ॅमेझॉनचा मासा घरात आणणाऱ्याने तो प्रश्न आधी विचारावा, त्याचे पाणी काचेच्या आत निगुतीने तयार करावे आणि ते काचेच्या आतच राहू द्यावे. ज्या घरी मासा येण्यापूर्वी पाण्याचा नमुना तपासला गेला, त्या घरातील मासाही जगेल आणि त्या गावचा तलावही सुरक्षित राहील.